वाक्याचं शेपूट

आपा,

शाळेत सगळ्यांसमोर मी तुला ‘तुम्ही’ म्हणायचे आणि घरी जाताना रिक्षात बसलं की ‘तू’. आत्ता आपण रिक्षातच आहोत असं समजून लिहिते. भिंगारहून निघालो आहोत, तुझी पर्स तुझ्या मांडीवर आहे, मी तुझ्या उजव्या हाताला बसले आहे आणि मुकुंदनगरचा कोपरा यायला अजून थोडा वेळ आहे. तेवढ्यात सांगून होईल.

संस्थेच्या लोकांनी मला तुझ्यावर लिहायला सांगितलं. जन्म कुठला, शिक्षण काय, सेवा किती वर्षं, असं त्यांना हवं आहे. मी म्हटलं, ते तिच्या सुनेला विचारा, रेश्माला सगळं तोंडपाठ आहे. मला वेगळंच सांगायचं आहे आणि तेही तुलाच. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात जे झालं, त्यात आपल्या भांडणाचा निकाल आहे. तो तुला कळवल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण लगेच सांगणार नाही. गोष्ट शेवटापासून सुरू केलेली तुला कधी खपायची नाही, आणि आता तू मला मध्येच टोकूही शकत नाहीस, तेव्हा मी सावकाश, माझ्या पद्धतीनेच सांगणार.

आपली ओळखसुद्धा वादानेच झाली होती. मी कोर्स करून नवी नवी आलेली, खांद्यावर चित्रांची भली मोठी पिशवी. तू सतरंजीवर एका मुलाच्या शेजारी बसली होतीस. समोर नाही, शेजारी. ओठ दिसले की पोरं ओठ बघून अंदाज बांधतात आणि कानाला सुट्टी देतात, म्हणून मशीनच्या बाजूला बसून बोलायचं ही तुझी रीत. मशीन म्हणजे कानामागचं श्रवणयंत्र, आपल्याकडे त्याला सगळे मशीनच म्हणतात. तू माझ्या पिशवीकडे पाहिलंस आणि विचारलंस, “एवढं काय आणलं?”

“चित्रं आहेत. गोष्ट सांगताना दाखवली की मुलांना गोष्ट समजते.”

“गोष्ट नाही गं समजत. चित्र समजतं.”

“निदान चित्र तरी समजतं ना?”

तू माझ्याकडे जरा नीट पाहिलंस. मग नाव विचारलंस. सुनीता म्हटल्यावर म्हणालीस, “म्हणजे सुनी. बहिऱ्यांच्या शाळेला झकास नाव आहे. सुनी, सुनी क्या?” हा विनोद तू पुढची सगळी वर्षं करत राहिलीस. मी दर वेळी न हसायचं ठरवायचे आणि दर वेळी हसायचे.

आपल्या दोन खोल्यांना शाळा म्हणणं हे कौतुकच होतं. एका खोलीत वर्ग, दुसरीत पोरांच्या आयांची बसायची जागा. सकाळी पोरं आली की पहिलं काम आवाजांचं. तू पाठीमागे उभी राहून आ, ई, ऊ, म, श, स असे एकेक आवाज काढायचीस आणि ऐकू आला की पोराने हातातला मणी वाटीत टाकायचा. ‘आ’ला मणी पडायचा, ‘म’ला पडायचा, ‘स’ला हात नुसता हवेत राहायचा. तेवढ्यात लांब कुठेतरी लष्कराच्या सरावाचा धमाका झाला की सगळी पोरं दाराकडे बघायची. ज्याच्या मशीनचा सेल संपलेला असायचा तोही बघायचा. तू म्हणायचीस, “बघ सुनी, तोफ सगळ्यांना ऐकू येते. बारीक आवाज कोणाला येत नाही. आणि दुनिया सगळी बारीक आवाजात चालते.”

शिवानी आपल्याकडे आली तेव्हाही तू तिच्या मागे उभी राहून अशीच मणी टाकायला शिकवत होतीस. सोनईची पोर. घरी ऊस, मोठा गोतावळा, पहिली नात, आणि मशीन बसायला झालेला उशीर. तिची आई रूपाली लेकीसाठी भिंगारला बहिणीकडे येऊन राहिली. नवरा, सासू-सासरे, शेत सगळं तिकडे आणि ह्या दोघी इकडे. पहिल्याच दिवशी रूपाली म्हणाली, “मॅडम, मशीन लावल्यापून हाक मारली का वळती. पन सांगितलेलं कळत न्हाई. ‘पानी आन’ म्हनलं का ही बी ‘पानी आन’ म्हनती आन् उभी राहती.”

तू तिला म्हणालीस, “ऐकू यायला लागलं ना? मग अर्धी शाळा झाली. उरलेली अर्धी आपण करू.”

ही उरलेली अर्धी किती लांबलचक असते ते आपल्या दोघींना माहीत होतं. शब्द येतात, नावं येतात, हाक कळते. गोष्ट मात्र कळत नाही. शेळी, ओढा, बाजार हे तिन्ही शब्द येणाऱ्या मुलाला ‘शेळी ओढ्यापाशी का थांबली’ हे कळेलच असं नसतं. माझी रीत अशी की गोष्ट झाली की प्रश्न विचारायचे. कोण, कुठे, काय झालं, मग काय झालं आणि शेवटी का. कोण आणि कुठेपर्यंत गाडी ठीक चालायची. ‘का?’ म्हटलं की शिवानी माझ्याकडे बघून तितक्याच गंभीरपणे म्हणायची, “का.” मी पुन्हा ‘का?’ आणि ती पुन्हा ‘का’. तू कोपऱ्यातून ओरडायचीस, “अगं, दोन कावळे झालेत तुमचे. बास करा.” मला राग यायचा. पण बास मी कधी केलं नाही. ‘का’ विचारल्याशिवाय गोष्ट संपली असं मी आजही मानत नाही.

आणि मग चांदीची गोष्ट आली.

चांदी तुझीच, तू रचलेली. चांदी नावाची शेळी बाजाराला निघते. वाटेत ओढा लागतो, पाणी चढलेलं असतं. बदक म्हणतं, उतर की, मी नाही का पोहत. म्हैस म्हणते, उतर की, मला तर गुडघ्याएवढंही नाही. चांदी काही ओढ्यात उतरत नाही, काठावर बसून राहते आणि संध्याकाळी घरी परत येते. एवढीच गोष्ट. पण ती तू सांगायचीस तेव्हा दुसऱ्या खोलीतल्या आया दारात येऊन उभ्या राहायच्या. म्हशीचा आवाज काढताना तुझे गाल एवढाले फुगायचे. शेवट मात्र तू अगदी मऊ आवाजात करायचीस. “चांदी बुडाली नाही.”

त्या दिवशी तू शेवट केलास आणि शिवानी रडायला लागली. साधं रडणं नाही, हुंदके. मशीनची शिट्टी वाजते का बघितलं, पोट दाबून बघितलं. रूपाली म्हणाली, “सकाळी नीट जेवली न्हाई, तेनं आसंल.” बिस्कीट दिलं, ते तिने ढकललं. तू उठलीस. कपाटातली मातीची शेळी काढलीस, पाण्याचं घमेलं ठेवलंस आणि तिला म्हणालीस, “दाखव. चांदीचं काय झालं?” शिवानीने शेळी पाण्यात घातली, बोटाने खाली दाबली आणि तशीच धरून ठेवली. रडतच होती.

तुझा चेहरा मला अजून दिसतो. एवढी वर्षं गोष्टी सांगितल्या आणि एका पोरीने तुझी शेळी तुझ्यासमोर बुडवून दाखवली. तू तिचा हात पाण्यातून काढलास, शेळी पुसलीस, तिच्या कानाशी वाकून म्हणालीस, “नाही बुडाली, बेटा. नाही.” पोर गप्प झाली. तू मात्र दिवसभर हरवलेली होतीस.

परतताना शेअर रिक्षात तू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतीस. चांदी बुडाली नाही. चांदी बुडाली नाही. शेजारच्या बाईने तुझ्याकडे असं पाहिलं की मला बाहेर बघावं लागलं. कँटोन्मेंटचा नाका गेला आणि तू माझं मनगट धरलंस.

“सुनी, आपणच गिळलं गं ते.”

“काय गिळलं?”

“शेपूट. वाक्याचं शेपूट. मराठीत सगळा माल शेपटात असतो. चांदी बुडाली, इथपर्यंत दम असतो, आवाज असतो. ‘नाही’ येईपर्यंत दम संपतो. पोरीने ऐकलं तेवढं बरोबरच ऐकलं. चांदी बुडाली.”

मी वाक्य मनात म्हणून बघितलं. खरंच होतं. जात नाही, देणार नाही, आवडलं नाही, सगळं उलटं करणारा शब्द आपण सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू म्हणतो. तुमच्या घरच्या बोलीत तो आधी येतो, ‘नहीं डूबी’ म्हणता तुम्ही, म्हणून ते तुला पहिल्यांदा दिसलं असावं. मला जन्मात दिसलं नसतं. रिक्षावाला आरशातून आपल्याकडे बघत होता. तो म्हणाला, “आपा, आमच्या गिऱ्हाइकाचं बी तसंच हाय. येतो येतो म्हनत्यात आन् हळूच न्हाई.” तू त्याला म्हणालीस, तू उद्यापासून शाळेत ये शिकवायला.

नंतर काही दिवस आपल्याला वेडच लागलं होतं. बातम्या देणारी बाई शेपूट गिळते का, कंडक्टर गिळतो का, माझा नवरा तर शेपूटच काय, अख्खं वाक्य गिळतो, अशी सगळ्यांची झडती आपण रिक्षात घेत होतो. वर्गात दोघींनी ‘नाही’ जोर देऊन, लांबवून म्हणायला सुरुवात केली. परिणाम झाला, पण भलताच. आठवडाभरात सगळी पोरं ‘दूध प्यालो नाऽऽही’, ‘डबा आणला नाऽऽही’ असं भाजीवाल्यासारखं ओरडायला लागली. रूपालीची सासू फोनवर म्हणाली म्हणे, “सूनबाई, तिकडं राहून पोरीला काय कोकलायला शिकवती का?”

तू त्याच दिवशी जोर देणं सोडलंस. मी सोडलं नाही. आपलं खरं भांडण तिथून सुरू झालं आणि ते तू जाईपर्यंत मिटलं नाही.

तुझं म्हणणं, जग काय हिला शेपूट उचलून दाखवणार आहे? सोनईच्या शाळेत वर्गभर पोरं असणार, वर पंखा, बाहेर ट्रॅक्टर, आणि गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलणार. तिथे गिळलेलंच शेपूट धरायचं आहे तिला. माझं म्हणणं, आधी शेपूट असतं एवढं तरी कळू दे, मग गिळलेलं धरेल. तू म्हणायचीस, तू पोरांना घास चावून देतेस. मी म्हणायचे, तू त्यांना हाडंच देतेस. दोघींचं बरोबर होतं, हे दोघींना ठाऊक होतं. म्हणूनच कोणी माघार घेत नव्हती.

मग तू चुकीची गोष्ट काढलीस.

पोरांना चांदीची गोष्ट पाठ झाली होती. तू ती मुद्दाम चुकवून सांगायला लागलीस. प्रश्न नाही, चित्र नाही, फक्त चूक. “चांदी नावाची म्हैस बाजाराला निघाली,” असं म्हणून तू निरागस तोंड करून थांबायचीस. कोणीतरी ओरडायचं, “चूक!” मग तू स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट मारून ‘तौबा तौबा’ म्हणायचीस, पर्समधून फुटाण्यांची डबी काढायचीस आणि पकडणाऱ्याच्या तळहातावर एक फुटाणा ठेवायचीस. एकच. आर्यन म्हणून ते बारकं पोर गोष्ट सुरू व्हायच्या आधीच चूक चूक ओरडत हात पुढे करायचं. त्याला तू रिकामी डबी दाखवायचीस आणि भरलेली लपवायचीस.

तू चुका दिवसेंदिवस बारीक करत गेलीस. आधी शेळीची म्हैस, मग बाजाराचं देऊळ, मग पांढरीची काळी. शिवानी हे सगळं पकडायला लागली. गाल फुगवून फुटाणा खायची. पण शेवटची पायरी तिला येत नव्हती. “चांदी ओढ्यात उतरली,” असं म्हणून तू नुसतं ‘नाही’ खाऊन टाकलंस की ती मान हलवून पुढचं ऐकायला लागायची. कधी पकडायची, बहुतेकदा नाही. शेपूट तिच्या हातून निसटत होतं.

आणि इकडे रूपाली आपल्या दोघींच्या तोंडाकडे बघत होती. दिवाळीनंतर आली ती पदराचं टोक बोटाला गुंडाळतच. “मॅडम, तीन वर्सं झाली. आता घरला जायचं हाय. जूनला तिकडच्या शाळंत घालायची म्हनत्यात. पन हिला कळंल का तिथं? तुमी दोघी सांगा, मी तसं करीन.” तू लगेच म्हणालीस, कळेल, घेऊन जा. मी म्हटलं, अजून एक वर्ष थांब. ती बिचारी एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे. मग म्हणाली, “तुमचं जमलं का सांगा.” मला आजही तिचं ते वाक्य आठवलं की हसू येतं. जमायचं कसलं, आपा? आपलं कशात जमलं होतं?

आता तुझ्या कानाचं सांगते, रागावू नकोस. सगळ्या नगर जिल्ह्यातल्या आयांना ‘मशीन झोपेपर्यंत काढायचं नाही’ असं दटावणाऱ्या तुझा स्वतःचा डावा कान गेली दोन-तीन वर्षं कामातून गेला होता. तू तपासायला तयार नव्हतीस. “मला सगळं ऐकू येतं, लोकच हळू बोलतात,” म्हणायचीस. आपल्याकडे येणारा प्रत्येक आजोबा हेच म्हणतो. मी तुला ते तोंडावर सांगितलं तर दोन दिवस रिक्षात बोलली नाहीस. तेव्हापासून मी गुपचूप तुझ्या उजव्या बाजूला बसायला लागले. तुझ्या ते लक्षात आलं होतं, कारण तू आधी चढून डावी कड धरायला लागलीस. त्याबद्दल आपण एक शब्दही बोललो नाही. मला वाटतं, एवढं एक मात्र आपलं जमलं होतं.

शेवटच्या शनिवारीही आपण शिवानीवरूनच भांडत होतो. तू म्हणालीस, “अगं, ती पोर ऐकते. आपण तिला विचारतो तेव्हा नाही, आपलं लक्ष नसतं तेव्हा. तेव्हा तिचा कान बघ.” मी म्हटलं, लक्ष नसताना मी कसा बघू? तू म्हणालीस, तेच तर. मुकुंदनगरचा कोपरा आला, तू उतरलीस, पर्स सावरलीस आणि माझ्याकडे वळून म्हणालीस, “सोमवारी बोलू.” त्यापुढे आणखी काही होतं का, ते रिक्षाच्या आवाजात गेलं. शेपूट मलाच ऐकू आलं नाही.

रविवारी दुपारी तू जेवून आडवी झालीस आणि उठली नाहीस. मी आले तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. मी रेश्माजवळ भिंतीला टेकून बसले. कोणीतरी हळू आवाजात काहीतरी वाचत होतं, मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, आणि तरी ते ऐकत बसावंसं वाटत होतं. तुला नेलं तेव्हा आम्ही दारातूनच बघितलं. निघताना रेश्माने तुझी फुटाण्यांची डबी माझ्या हातात दिली. म्हणाली, “अम्मीने काल संध्याकाळीच भरली होती. हे घरी ठेवून मी काय करू?”

सोमवारी वर्ग उघडला. पोरं आणि आया लांबून आलेल्या असतात, त्यांना परत कसं पाठवायचं? आयांना कळलं होतं. पोरांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना ते सांगणं माझं काम होतं, आणि मी सकाळपासून ते वाक्य तयार करत होते. छोटं, सरळ, पोरांना येणाऱ्या शब्दांचं. पण समोर बसल्यावर त्यांच्या तोंडाकडे बघून ते म्हणवेना. मी उठले, कपाट उघडलं आणि मातीची शेळी शोधते आहे असं दाखवत, पोरांकडे पाठ करून, कपाटात तोंड घालून म्हटलं, “आपा आता येणार नाहीत.”

आवाज ‘येणार’पर्यंत पुरला. ‘नाहीत’ माझ्या घशातच राहिलं, बाहेर आलं असलं तर श्वासाएवढं.

मागे टाळ्या वाजल्या. आर्यन उठून दाराकडे धावला. “आपा येनार! आपा येनार!” बाकीची पोरंही दाराकडे वळून तुझी वाट बघायला लागली, काहींनी तर फुटाण्यासाठी हात पुढे करून ठेवले. दुसऱ्या खोलीतल्या आयांनी पदर तोंडाला लावले. मी कपाटाला धरून उभी होते. आता परत सांगायचं, वळून, मोठ्याने, शेपूट ओढून, हे मला त्या क्षणी शक्य नव्हतं.

“चूक,” कोणीतरी म्हणालं.

मी वळले. शिवानी जागेवरच बसलेली होती. तिने दाराकडे पाहिलंही नव्हतं. ती आर्यनला सांगत होती, “न्हाई. येनार न्हाईत. मॅडम म्हनल्या, न्हाईत.”

ओठ दिसले नव्हते, आपा. चित्र नव्हतं. जोर नव्हता. पाठ केलेली गोष्ट नव्हती. वर पंखा नसेल, पण बाहेर रिक्षा चालू होती आणि मागे पोरांचा गलका. तरी त्या पोरीने माझ्या घशातलं शेपूट धरलं. मला रडू आलं आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की स्वतःची लाज वाटली. तू काल गेलेली आणि मी आज आनंदाने रडते आहे, हे कोणाला सांगू? हे फक्त तुलाच सांगता आलं असतं, आणि तू तर बरोबर त्याच दिवशी गैरहजर.

चूक पकडणाऱ्याला फुटाणा, हा तुझा नियम. मी डबी उघडली आणि एक फुटाणा तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो खाल्ला नाही. मूठ मिटली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “का?”

कावळ्याचा ‘का’ नव्हता तो. आवाज शेवटी वर गेला आणि ती उत्तरासाठी थांबली. तीन वर्षं मी तिच्यापुढे हा शब्द टाकत होते आणि तो मला तसाच परत मिळत होता. पहिल्यांदा तो तिच्या स्वतःच्या पोटातून आला.

मी तिच्या शेजारी बसले. समोर नाही, शेजारी. आणि नेहमीच्या आवाजात, ना जोर देऊन ना गिळून, सांगितलं की आपा काल मेल्या. माणूस मेलं की परत येत नाही. आपण त्याची आठवण काढतो. शिवानीने मूठ उघडली. फुटाणा खाल्ला. मग म्हणाली, “चांदीची गोष्ट कोन सांगनार?”

“मी.”

“चुकीची?”

“हो. चुकीचीच.”

तिला ते पटलं असावं. ती आर्यनला दारातून ओढून आणायला गेली. मी तेव्हाच बसल्या बसल्या गोष्ट सुरू केली. चांदी नावाची म्हैस बाजाराला निघाली, म्हटलं, आणि सगळ्या बाजूंनी चूक चूक झालं. माझे गाल तुझ्यासारखे फुगत नाहीत. तौबा तौबाही मला नीट जमत नाही. पण पोरांनी चालवून घेतलं.

दुपारी रूपालीला बोलावलं आणि सांगितलं, “जूनला घेऊन जा सोनईला.”

“आपा म्हनत हुत्या तसंच?”

“आपा म्हणत होत्या तसंच.”

ती डोळे पुसत म्हणाली, “मग तुमचं जमलं म्हनायचं.” मी म्हटलं, हो, जमलं. आणि माझ्या त्या जुन्या पिशवीतली चांदीची चित्रं काढून तिला दिली. शाळेत द्यायला. तू असतीस तर नाक मुरडलं असतंस. मुरड. शेपूट धरणं तुझं, पण तिचा ‘का’ माझा आहे, तो मी तुला देणार नाही. निकाल हा असा आहे, आपा. बरोबरीत सुटलो.

आता एकच राहिलं. आपलं कानाचं भांडण झालं त्याच्याही आधी, एकदा मी रिक्षात घाईने तुझ्या डाव्या हाताला बसले होते. तेव्हा माझं घरात काही ठीक नव्हतं, नोकरी सोडायचं मनात होतं, आणि मी तुला एक वाक्य म्हटलं होतं. खूप धीर करून म्हटलं होतं. तू बाहेर बघत म्हणालीस, “हो ना, थंडी फारच वाढली आहे.” मला इतकं हसू आलं की ते वाक्य मी परत म्हटलंच नाही. कान बिघडल्याचं मला तेव्हाच कळलं, आणि ते वाक्य तसंच राहून गेलं.

आज मी उजव्या बाजूला बसले आहे. ओठ बघू नकोस, नुसतं ऐक. तू नसतीस तर मी या शाळेत राहिले नसते.

शेपूट आलं ना नीट? मुकुंदनगरचा कोपरा आला बघ. सांभाळून उतर.